व्हीआर हेडसेट आणि समाजकार्य: कुणी प्रत्यक्ष वापरलंय का?

केसफाईल (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते पण आता अडलंय म्हणून धागा काढतेय. मी एका सामाजिक संस्थेत सुपरवायझर आहे, आमच्याकडे कौटुंबिक हिंसा आणि मुलांचं संरक्षण अशा दोन्ही प्रकारच्या केसेस असतात. एका देणगीदाराने व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर घातला की आभासी जगात गेल्यासारखं वाटतं तो) देऊ केलेत आणि सोबत लांबलचक प्रस्ताव पाठवलाय ज्यात सगळंच कोंबलंय, म्हणजे कार्यक्रमात पाहुण्यांना हेडसेट घालून बेघर माणसाचा एक दिवस दाखवायचा, नवीन वर्करना गृहभेटीची प्रॅक्टिस द्यायची, क्लायंटची भीती घालवायची आणि या सगळ्यातून रिसर्चसाठी डेटाही गोळा करायचा. कमिटीतले निम्मे लोक भारावलेत, निम्मे म्हणतायत फॅड आहे. मला दोघांनाही उत्तर द्यायचंय आणि माझंच मत अजून बनलेलं नाहीये. कुणी वापरलंय का? ट्रेनिंगमध्ये, थेरपीत, अभ्यासात, कशातही. विरोधी मतं तर हवीच आहेत.

कोपऱ्यातला
मी फॅडवाल्यांच्या बाजूने. एकेका वर्करच्या गळ्यात झेपणार नाहीत इतक्या केसेस, गाडीभाड्याची बिलं महिनोन्महिने अडकलेली, आणि आपण डोळ्याला डबा बांधून बसायचं? माणूस समोर बसलाय, त्याच्याशी बोला की. देणगीदाराला म्हणावं त्याच पैशात अजून एक वर्कर नेमून दे.

वाचतोय मात्र. चांगला धागा.

डेटाबाई
कोपऱ्यातले दादा, तुमचा पगाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण फॅड म्हणाल तर हे प्रकरण तसं जुनं आहे हो. डोक्यावर घालायचा डिस्प्ले आयव्हन सदरलंडने १९६८ मध्येच बनवला होता, इतका जड की छताला टांगावा लागायचा. उपचारातला वापरही तीसेक वर्षांचा आहे. १९९५ मध्ये बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी उंचीची भीती असलेल्या कॉलेजच्या पोरांना आभासी पूल, गच्च्या, काचेची लिफ्ट यात हळूहळू वर चढवत नेलं आणि भीती कमी झाली असं दाखवलं. पुढे युद्धावरून आलेल्या सैनिकांच्या पीटीएसडीसाठी (आघातानंतर राहणारा मानसिक त्रास) स्किप रिझो वगैरे मंडळींनी आभासी इराक उभं केलं.

आणि हे फक्त मानसशास्त्रवाल्यांचं काम नाहीये. पॅट्रिक बॉर्डनिक हे समाजकार्यातलेच, पुढे टुलेन विद्यापीठाच्या सोशल वर्क स्कूलचे डीन झाले. त्यांचं काम व्यसनावर. ऑफिसात बसून 'मित्राने सिगरेट पुढे केली तर काय कराल' असं विचारलं की क्लायंट म्हणतो 'नाही म्हणेन', सगळेच म्हणतात. तोच माणूस आभासी पार्टीत उभा केला, आजूबाजूला लोक ओढतायत, टेबलावर ॲशट्रे, लायटर पडलेला, की तलफ खरोखर येते आणि ती तिथल्या तिथे मोजता येते. ती आली की मग 'नाही' म्हणायची प्रॅक्टिस. ह्यूस्टनला असताना त्यांनी हेरॉईनच्या व्यसनासाठी तसं अख्खं आभासी घर उभं केलं होतं. व्यसनमुक्तीत काम केलेल्यांना कळेल की सेंटरमध्ये नीट राहिलेला माणूस जुन्या अड्ड्यावर गेला की का घसरतो. तो अड्डा वर्करच्या देखत आणि बंद करता येईल असा मिळाला, तर उपयोग आहे.

निवांत
रोचक. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

आडवा_प्रश्न
मला प्रस्तावातल्या पहिल्याच गोष्टीवर बोलायचंय, पाहुण्यांना बेघर बनवण्याच्या. हे आलं कुठून तर २०१५ मध्ये 'क्लाउड्स ओव्हर सिद्रा' नावाची ३६० अंशातली (मान वळवाल तिकडचं दिसणारी) फिल्म आली, जॉर्डनमधल्या झातारी छावणीतली १२ वर्षांची सीरियन मुलगी, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने बनवलेली, आणि ती दावोसच्या आर्थिक परिषदेतल्या बड्या लोकांना हेडसेट घालून दाखवली. बनवणाऱ्यांपैकी ख्रिस मिल्क यांनी त्याच वर्षीच्या भाषणात व्हीआर हे सहानुभूतीचं अंतिम यंत्र आहे असं म्हटलं आणि तेव्हापासून प्रत्येक संस्थेला तसलं यंत्र हवंय.

थोडं बाजूने पण बोलतो. स्टॅनफर्डला हेरेरा, बेलेन्सन वगैरेंनी २०१८ मध्ये बेघर होण्याच्या अनुभवावर मोठा अभ्यास छापला. एका गटाला तोच प्रवास हेडसेटमध्ये, नोकरी जाते, घरातलं सामान विकायला काढावं लागतं, शेवटी रात्री बसमध्ये झोपायचं, आणि दुसऱ्या गटाला त्याचंच लिखित वर्णन. परवडणाऱ्या घरांच्या मागणीवर सही किती जणांनी केली तर व्हीआरवाल्यांपैकी ८२ टक्के आणि वाचणाऱ्यांपैकी ६७ टक्के. शिवाय ८ आठवड्यांनी विचारलं तरी व्हीआरवाल्यांचं मत जास्त टिकून होतं. म्हणजे अगदीच हवेतलं नाहीये.

पण तो आकडा उलटा वाचा ना. नुसतं वाचून ६७ टक्के लोक सही करतात, फुकटात!

चाकावरचा
मी व्हीलचेअर वापरतो म्हणून या 'एक दिवस त्यांच्यासारखं जगा' प्रकारावर बोलायचा हक्क बजावतो. आमच्यासाठी हे हेडसेटच्या आधीपासून चालू आहे, डोळ्यावर पट्टी बांधून फिरवा, तासभर खुर्चीत बसवा. होतं काय, की नवख्या माणसाला पहिल्या तासात जे जमत नाही तेवढंच कळतं. त्याला वाटतं हे आयुष्य म्हणजे हेच, धडपडणं आणि घाबरणं. दहा वर्षं खुर्ची चालवणाऱ्याला काय काय येतं, तो कुठे चिडतो, त्याला राग पायऱ्यांचा येतो की बाबा रे तुला मदत करू का म्हणत न विचारता खुर्ची ढकलणाऱ्याचा, हे त्या तासात येत नाही. यावर अभ्यास झालेत. आंधळेपणाच्या सिम्युलेशननंतर लोकांना अंध व्यक्ती कामाला कमी लायक वाटल्या असं ॲरिएल सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं, त्या स्वतः अंध आहेत. २०१७ मध्ये मिशेल नारिओ-रेडमंड आणि सहकाऱ्यांचाही तसाच निष्कर्ष, आपुलकी वाढते पण सोबत असहायतेची भावनाही वाढते आणि वृत्ती काही सुधारत नाही.

केसफाईल ताई, ती बेघरवाली फिल्म बनवताना एखादा बेघर राहिलेला माणूस स्क्रिप्टला बसवला होता का, एवढं फक्त विचारा देणगीदाराला. उत्तरावरून कळेल.

केसफाईल
चाकावरचा, थेट आणि कामाचा प्रतिसाद. विचारते.

डेटाबाई
चाकावरचे यांना +१. सहानुभूतीवर २०२१ चं एक मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेला अभ्यास) आहे, मार्टिंगानो, हेरेरा आणि कॉनरॅथ यांचं. सार असं की व्हीआरने भावनिक सहानुभूती वाढते, म्हणजे पोटात कालवतं, पण समोरच्याच्या जागी बसून विचार करणं जे असतं ते वाढत नाही. आता आपल्या कामात कोणतं लागतं? पोटात कालवणं पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांचं होतं, नंतर त्यातूनच थकवा येतो. दुसरं लागतं.

आणि शरीर बदलून दाखवण्याचे निकाल तर सरळ नाहीतच. गोऱ्या लोकांना काळं आभासी शरीर दिल्यावर छुपा वर्णद्वेष कमी झाला असं पेक आणि स्लेटर यांच्या गटाला २०१३ मध्ये दिसलं. त्याआधी २००९ मध्ये ग्रूम, बेलेन्सन आणि नास यांनी जवळपास तसलाच प्रयोग केला, तिथे चाचणीत पूर्वग्रह उलटा वाढला, कारण त्यांनी लोकांना नोकरीच्या मुलाखतीत बसवलं होतं आणि तिथे साचेबद्ध कल्पना जाग्या होतात असा एक अंदाज. म्हणजे कोणाचं शरीर दिलं एवढ्यावर भागत नाही, त्या शरीरात बसवून काय करायला लावलं ते बघावं लागतं.

घरभेट
मी ट्रेनिंगमध्ये वापरलंय, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी. माझं मत अनुकूल आहे आणि का ते सविस्तर सांगते, लांबेल.

गृहभेटीची प्रॅक्टिस आपण वर्गात कशी घेतो? एक विद्यार्थी आई होतो, एक वर्कर, बाकीचे हसतात. आई झालेली मुलगी मैत्रीण असते म्हणून ती सांभाळून घेते. आणि वर्गात घर नसतं. गृहभेटीत निम्मी माहिती घरातून येते, माणसाच्या तोंडून नाही. आम्ही जो प्रसंग वापरतो त्यात दार अर्धंच उघडतं आणि आई दारातच उभी राहून बोलते, मागे टीव्ही मोठ्याने चालू आहे. आत गेलं की डाव्या हाताला स्वयंपाकघर, ओट्याच्या कडेला औषधाची बाटली, झाकण नाही. मूल सोफ्यामागे खेळतंय पण कुणी आवाज चढवला की त्याचे हात थांबतात. आणि आतल्या खोलीचं दार बंद, त्याच्या फटीखालून दिव्याचा उजेड येतोय आणि मध्येच एक सावली हलते. आई म्हणते घरी आम्ही दोघंच.

आता मजा अशी की हेडसेटमधून विद्यार्थी कुठे बघत होता ते बाहेर टॅबवर दिसतं. जवळपास प्रत्येक नवखा माणूस आईच्या चेहऱ्याकडे आणि हातातल्या फॉर्मकडे बघत राहतो, त्या फटीकडे बघतच नाही. नंतर रेकॉर्डिंग दाखवलं की आपोआप चर्चा सुरू होते, मला शिकवावं लागत नाही. काही जणांना सावली दिसलेली असते पण विचारायचं कसं हे सुचलेलं नसतं, ती तर त्याहून चांगली चर्चा. आई चिडली की आपला आवाज कसा बदलतो हेही त्यांना स्वतःचं ऐकायला मिळतं.

दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग परत करता येतो. खऱ्या घरात हे शक्य नाही आणि शिकाऊ माणसाच्या चुकीची किंमत खऱ्या मुलाने का द्यावी? अमेरिकेत २०१८ पासून ॲक्सेंच्युअर या कंपनीने बालकल्याण वर्करसाठी असंच आवाजावर चालणारं ट्रेनिंग आणलं, तुम्ही तोंडाने प्रश्न विचारता आणि त्यावरून गोष्ट वळते. ब्रिटनमध्ये फॉस्टर पालकांना (दुसऱ्याचं मूल तात्पुरतं घरी सांभाळणाऱ्यांना) आणि वर्करना दुर्लक्षित बाळाच्या नजरेतून घर दाखवणाऱ्या फिल्म वापरतात.

पण अट एकच, हेडसेट काढल्यावरची चर्चा निम्म्याहून जास्त वेळ चालली पाहिजे. नुसतं घातलं, बघितलं, भारी होतं म्हणून निघून गेले, तर शून्य.

कोपऱ्यातला
घरभेट ताई, हे पटतंय. पण बंद दाराकडे बघायला शिकवायचं तर साधा व्हिडिओ पुरे की. व्हिडिओत दिसणार नाही का फट?

घरभेट
व्हिडिओत कॅमेरा फटीकडे वळला की सगळ्यांनाच दिसते. इथे कॅमेरा विद्यार्थ्याच्या मानेवर आहे. तो वळला नाही तर नाही दिसत.

कोपऱ्यातला
बरं. हा मुद्दा दिला.

जुळारी
मी डेव्हलपर, समाजकार्यातलं कळत नाही पण खरेदी करायच्या आधी दोन गोष्टी बघा. ३६० अंशातला व्हिडिओ आणि कॉम्प्युटरवर बनवलेलं जग हे वेगळं प्रकरण आहे. व्हिडिओ स्वस्त पडतो, चेहरे खरे असतात, पण तुम्ही एका जागी खिळलेले, फक्त मान वळते, वाकून सोफ्यामागे बघता येत नाही. बनवलेल्या जगात चालता येतं, वस्तू उचलता येतात, पण माणसं जराशी बाहुल्यांसारखी दिसतात आणि खर्च कैक पट. बार्सिलोनाचे संशोधक मेल स्लेटर दोन गोष्टी वेगळ्या करतात, मी इथे आहे असं वाटणं आणि इथे घडतंय ते खरंच घडतंय असं वाटणं. दुसरीसाठी चित्र सुंदर लागत नाही, समोरचं पात्र तुम्हाला प्रतिसाद देतं का ते लागतं. तुम्ही जवळ सरकलात आणि ती बाई मागे सरकली, की झालं काम.

आणि मळमळ. डोळ्यांना वाटतं चाललोय, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वाटतं बसलोय, मेंदू वैतागतो. म्हणून खुर्चीत बसून जॉयस्टिकने चालवणारे ॲप टाळा. बायकांना जास्त मळमळतं असं सरसकट म्हणतात, त्यामागचं एक मोठं कारण साधं आहे, त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरीने कमी असतं आणि बऱ्याच हेडसेटची भिंगं तेवढी जवळ येतच नाहीत. २०२० मध्ये केय स्टॅनी यांच्या गटाने हे मोजून दाखवलं. तुमच्या वर्कर आणि क्लायंट बहुतेक बायका असणार, तर भिंगांचं अंतर सेट करता येतं तेच मॉडेल घ्या.

तिसरी_रांग
चष्म्यावर बसतो का हो? मला नेहमी काचेला वाफ येते.

जुळारी
बसतो, मध्ये ठेवायची एक पट्टी मिळते ती लावा नाहीतर भिंगांवर ओरखडे. फोमऐवजी पुसता येणारं कव्हर घ्या, दहा जणांचा घाम एकाच फोममध्ये नको.

अंतरपाट
मी समुपदेशक, हिंसेतून बाहेर पडलेल्या स्त्रियांसोबत काम. एक गोष्ट कुणी बोललं नाही. हेडसेट घातला की खोलीत कोण आलं गेलं ते दिसत नाही. आपल्याला ते काही वाटत नाही. पण जिच्यावर मागून हात पडलाय तिच्यासाठी ही एकच गोष्ट पुरेशी आहे, आत कितीही शांत समुद्रकिनारा दाखवा. म्हणून मी अशी बसते: तिची खुर्ची भिंतीला पाठ लावून, दार आतून बंद आणि किल्ली तिच्याच हातात, मी समोर आणि मध्ये मध्ये बोलत राहते म्हणजे मी कुठे आहे हे आवाजावरून कळतं. हात अजिबात लावायचा नाही, पट्टा घट्ट करायचा असला तरी आधी विचारून. पहिल्या वेळी हेडसेट बांधायचाच नाही, दोन हातांनी डोळ्याला धरायचा, दुर्बिणीसारखा, नको वाटलं की खाली. हे सगळं केल्यावर काही जणींना फार उपयोग झालाय, विशेषतः कोर्टात साक्ष द्यायच्या आधी कोर्टाची खोली बघून घ्यायला. साक्षीदार कुठे उभा राहतो, 'तो' कुठे बसणार, कुठल्या दाराने जायचं यायचं. एकजण म्हणाली आता मला तिथे कुठे बघायचं ते ठरवता येईल.

डेटाबाई
अंतरपाट, कोर्टाचं फार आवडलं.

हिंसेच्या दुसऱ्या बाजूनेही एक प्रयोग आहे. सोफिया सेनफेल्ड, स्लेटर आणि सहकारी, २०१८. बायकांवरच्या हिंसेबद्दल शिक्षा झालेल्या पुरुषांना आभासी स्त्रीचं शरीर दिलं, समोर एक आभासी पुरुष येतो, घालूनपाडून बोलतो, अंगावर येतो. आधीच्या चाचणीत या पुरुषांना स्त्रीच्या चेहऱ्यावरची भीती ओळखणं इतरांपेक्षा कमी जमत होतं, भेदरलेला चेहरा आनंदी वाटायचा. अनुभवानंतर ते सुधारलं. गट छोटा होता, आणि चेहरा ओळखता आला म्हणजे घरी हात उचलायचा थांबला असं त्यात मोजलेलं नाही. पण प्रस्तावातली बेघरवाली फिल्म आणि हे शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे दुसऱ्याच्या जागी बसणंच आहे, पण इथे एका विशिष्ट माणसाची एक विशिष्ट अडचण धरलीय, आणि पुढे गटसमुपदेशन जोडता येतं. मेळाव्यातला पाहुणा हेडसेट काढून जेवायला जातो.

कोपऱ्यातला
बरं, पण थेरपीचा फायदा टिकतो का? सुरुवातीला सगळंच चालतं.

डेटाबाई
रास्त प्रश्न. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाचा गेमचेंज नावाचा प्रयोग बघा, २०२२ मध्ये निकाल आले, सायकोसिस (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) असलेले ३४६ लोक, ज्यांना घराबाहेर पडायची भीती. बस, दुकान, डॉक्टरची वेटिंग रूम असे साधे प्रसंग, आत एक आभासी कोच, आणि खोलीत मदतीला कर्मचारी. ६ आठवड्यांनी बाहेर जाणं टाळण्याचं प्रमाण घटलं, पण २६ आठवड्यांनी सगळ्या गटाचा मिळून फरक राहिला नाही. ज्यांचा त्रास सगळ्यात तीव्र होता, घरातून पाऊलच टाकता येत नव्हतं, त्यांना सगळ्यात जास्त फायदा आणि त्यांचा टिकला. म्हणजे सरसकट सगळ्या क्लायंटना वाटायची ही चीज नाही. जो खरंच अडकलाय त्याच्यासाठी, आणि नंतर खऱ्या बसमध्ये त्याच्यासोबत कुणीतरी चढणारं हवं.

कोपऱ्यातला
आणि तो चढणारा म्हणजे वर्कर. ज्याला नेमायला पैसे नाहीत. आलो का परत तिथेच?

डेटाबाई
आलो :)

वकिली_चष्मा
डेटा गोळा करण्याच्या कलमावर कुणीच का बोलत नाहीये, सगळ्यात धोकादायक तेच आहे. तुम्हाला वाटेल नाव पत्ता काढून टाकला की झालं. हेडसेट डोक्याची आणि हातांची हालचाल सेकंदाला कित्येक वेळा नोंदवतो आणि प्रत्येकाची हलण्याची लकब वेगळी असते. २०२३ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी एका गाण्याच्या तालावर ठोकळे कापायच्या खेळातला ५५ हजारांहून जास्त लोकांचा डेटा घेतला आणि फक्त १०० सेकंदांच्या हालचालीवरून माणूस नेमका कोण ते ९४ टक्के वेळा ओळखलं. तुमची क्लायंट जर नवऱ्यापासून लपून राहत असेल तर 'निनावी' डेटा हा शब्द विसरा. तो कुठल्या सर्व्हरवर जातो, कंपनीच्या खात्याशिवाय हेडसेट चालतो का, नंतर पुसता येतो का, हे आधी लेखी घ्या.

आणि मुलं. सेगोव्हिया आणि बेलेन्सन यांनी २००९ मध्ये लहान मुलांना त्यांच्याचसारखा दिसणारा आभासी पुतळा व्हेल माशांसोबत पोहताना दाखवला, आठवड्याने प्राथमिक शाळेतल्या बऱ्याच मुलांना ते आपण खरंच केलंय असं आठवत होतं. तुम्ही बालसंरक्षणात आहात. ज्या मुलाचा जबाब व्हायचाय त्याला घराचे, मारहाणीचे, काहीही मिळतेजुळते आभासी प्रसंग दाखवलेत तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही विचारला असता. जबाब पूर्ण होईपर्यंत मुलांच्या जवळ हेडसेट नाही.

केसफाईल
बापरे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कोर्टाची खोली दाखवणंसुद्धा नको का मग?

वकिली_चष्मा
रिकामी खोली चालेल. खुर्च्या, टेबल, दार. आत घडणारं काही नको, आणि काय दाखवलं त्याची नोंद फाईलला ठेवा, लपवू नका. तरी आधी केसच्या वकिलांशी बोलूनच.

आडवा_प्रश्न
संशोधनाचा एक वेगळा वापर मांडतो ज्यात क्लायंट लागतच नाही. आपल्याकडे निर्णयांवरचे अभ्यास कागदी प्रसंगांवर चालतात, 'असं असं घर आहे, मूल काढून घ्याल का' आणि वर्कर आदर्श उत्तर टिकमार्क करतो. त्याऐवजी घरभेट ताईंचं तेच घर घ्या, सगळं सारखं ठेवा, फक्त एका गटाला घर श्रीमंती थाटाचं आणि दुसऱ्या गटाला गरिबाचं. मूल तेच, हात थांबणं तेच. कोण किती लवकर संशय घेतो, कुठे बघतो, आईपासून किती अंतरावर उभा राहतो. पूर्वग्रह तपासायचाच तर आधी आपला तपासू. गुन्हेशास्त्रवाले असं करतात, क्लेअर नी आणि व्हॅन गेल्डर यांनी घरफोडी करणाऱ्यांना आभासी घरांमध्ये फिरवून ते काय बघतात याचा अभ्यास केलाय.

घरभेट
हे करूया! मी तयार आहे, आमचा सेट देते.

चाकावरचा
त्यात एका घरात व्हीलचेअरवरची आई ठेवा. पैज लावतो.

केसफाईल
सगळ्यांचे मनापासून आभार. आज कमिटीला हे लिहून पाठवतेय: मेळाव्यातली बेघरवाली फिल्म आम्हाला नको, त्याऐवजी स्वतः त्यातून गेलेल्या कुणाला बोलायचं असेल तर त्यांना मानधन देऊन बोलवू. हेडसेट कमी द्या पण ट्रेनिंगसाठी द्या, आणि उरलेल्या रकमेतून प्रसंगांनंतरची चर्चा घेणाऱ्या माणसाचा पगार (कोपऱ्यातले दादा, तुमच्यासाठी). क्लायंटसाठी फक्त मोठ्यांना, अंतरपाट सांगतायत त्या पद्धतीने आणि कोर्टाच्या तयारीपुरतं. डेटाचं कलम काढून टाका, वर्करवरचा अभ्यास करायचा झाला तर वेगळी नैतिक समितीची परवानगी घेऊन.

वर्करना ट्रेनिंगमधली रेकॉर्डिंग वार्षिक मूल्यमापनात वापरली जाईल का अशी शंका आत्ताच एकीने विचारली. काय करावं?

घरभेट
अजिबात नाही, आणि तसं पहिल्याच दिवशी लेखी द्या. रेकॉर्डिंग चर्चा संपली की त्या वर्करसमोरच डिलीट. मूल्यमापन होणार म्हटलं की सगळे फटीकडेच बघतील, आईकडे कुणी बघणार नाही.

वकिली_चष्मा
आणि 'डिलीट' म्हणजे हेडसेटमधूनही आणि क्लाउडवरूनही. संमतीपत्राचा मसुदा व्यक्तिगत निरोपाने पाठवतो, संध्याकाळपर्यंत.